पाच वाजता माप घ्यायला निघणारे बाबा

ती. ताई,

तुझ्या धाकट्या भावाचा साष्टांग नमस्कार. (एरवी हा मी नुसता पेनाने घालतो. आज जमिनीवर आडवा पडूनच घालावा अशी परिस्थिती आहे.) तुझी कंबर कशी आहे? भावोजींचा खोकला थांबला का? इकडे सगळं ठीक, असं लिहायला हात शिवशिवतोय, पण तुझं पत्र समोर उघडं पडलंय. त्यात ना मायना, ना आशीर्वाद, एकच ओळ : बाबांना कुलूप लावून ठेवतोस म्हणे? समोरच्या काकूंनी कळवलं असणार. त्यांचं काही चुकलं नाही. लावलं होतं कुलूप. आता पत्र शेवटपर्यंत वाच, मग काय जोडे मारायचे ते मार.

फोनवर मी तुला ‘हल्ली थोडं विसरतात’ एवढंच सांगत आलो. थोडं नाही गं. दुपारभर दुकानामागच्या खोलीत शांत बसतात, आणि पाच वाजले की उठतात, टेप गळ्यात टाकतात, खडू खिशात घालतात आणि माप घ्यायला निघतात. चाळीस वर्षं रोज पाचला गिऱ्हाइकांच्या घरी जायचे ना, ते पायांनी काही सोडलं नाही. पण गिऱ्हाईक कोण, घर कुठलं, याचा पत्ता नाही. मग रस्त्यात जो उभा दिसेल त्याचं माप. बसथांब्यावर निम्म्या गावाच्या बाह्या मोजून झाल्यात. एका बाईंनी नको म्हटलं तर त्यांच्या पिशवीचं माप घेतलं. (आणि मापं बरोबर असतात, ताई! माझं नाव विसरतात, पण खांदा अर्ध्या बोटानेही चुकत नाही.)

मागच्या महिन्यात तर माझी नजर चुकवून असे काही सटकले की अडीच तास पत्ता नाही. मी चार रस्ते पालथे घातले. शेवटी सापडले कुठे, तर मोठ्या चौकात, वाहतूक पोलिसाची छाती मोजताना. तो भला माणूस दोन्ही हात वर करून उभा, आणि चारी बाजूंच्या गाड्या एकमेकींकडे बघत थांबलेल्या. मला पाहून हळूच म्हणाला, “आजोबांनी हलू नका सांगितलंय.” मी हसलो. घरी येऊन न्हाणीघरात कितीतरी वेळ तोंडावर पाणी मारत राहिलो.

मग मी उपाय सुरू केले. पहिल्यांदा चपला लपवल्या. बाबा तुझ्या भावजयीच्या गुलाबी सपाता घालून गेले. कोणीतरी म्हणालं, दार दिसलंच नाही तर माणूस जात नाही, पडदा लाव. लावला. बाबा पडद्यासमोर दहा मिनिटं उभे! म्हटलं, जमलं बुवा. तेवढ्यात हाक आली, “ही दुमड कोणी घातली?” पडदा काढून घेतला, शिवण उसवली, दुमड सरळ करून टाचली, माझ्या हातात दिली आणि मोकळ्या दारातून चालते झाले. (दुमड मीच घातली होती. वाकडीच होती.)

त्यानंतर लेबलं. ‘मला स्मृतिभ्रंश आहे. वाट चुकलो तर या नंबरावर फोन करा.’ बाबांच्या सगळ्या सदऱ्यांना आणि कोटांना शिवायचं ठरवलं, तेही कॉलरच्या आत, म्हणजे चारचौघांत दिसायला नको. आपली अब्रू ना! लोकांना मी तोवर गुडघ्याचं दुखणं सांगत होतो. पण त्या घाईत बाबांच्या आणि गिऱ्हाइकांच्या कपड्यांचे गठ्ठे मिसळले. दोन दिवसांनी शाळेच्या नव्या शिपायाचा फोन : तुमचे वडील आमच्याकडे आहेत, तब्येत बरी आहे, फक्त स्वतःला मुख्याध्यापक म्हणवतात. धावत गेलो. खुर्चीत खरोखरचे मुख्याध्यापक, कोट टेबलावर, आणि शिपाई त्यांना समजुतीच्या सुरात पाणी पाजतोय. मी तिथेच जमिनीत गडप व्हायला हवं होतं. मुख्याध्यापक मात्र लेबल काढू देईनात. म्हणाले, असू दे, पुढेमागे लागेल.

आता कुलुपाचं. त्या फजितीने डोकं फिरलं होतं. दुसऱ्या दिवशी तुझी भावजय कामावर, मला कपडे पोचवायचे. पाचला दहा कमी असताना बाहेरून कुलूप घातलं आणि गेलो. अर्ध्या तासाचे दोन तास झाले. काकूंनी तुला सगळं सांगितलं नसेल, म्हणून मी सांगतो. बाबा आतून दार वाजवत होते, आणि शिव्या देत नव्हते. दाराला तोंड लावून काकूंना म्हणत होते, “अहो, कोणाकडून तरी चुकून कडी लागली वाटतं. बिचाऱ्याच्या लक्षात नसेल.” मी उघडलं तेव्हा दाराशीच जमिनीवर बसले होते. टेप गळ्यात. मला म्हणाले, “आलात? तुम्हालाही कोणी कोंडलं होतं का?” ताई, मला लाज वाटते. अजूनही ‘कोंडलं’ हा शब्द लिहिताना मान वर होत नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाईंना मी हे सांगितलं. वाटलं, पाठीवर हात ठेवतील. त्यांनी विचारलं, आत आग लागली असती तर? आणि मग विचारलं, ते कुठे जातात हे बघायला तुम्ही कधी त्यांच्याबरोबर गेलात का? कधीच नाही. आता पाचला मी मशीन बंद करतो. बाबा पुढे, मी वही घेऊन मागे. ते छाती, बाही, खांदा सांगतात, मी लिहितो. आधी समोरच्याला हळूच विचारतो, चालेल का? बहुतेकांना चालतं. चहावाल्याला, औषधवाल्याला, पोलिसाला, सगळ्यांना खरं सांगितलं आणि नंबर दिला. पहिल्या दिवशी चहावाल्याला सांगण्याआधी दोन चहा संपवले. दाराला घंटी बसवली, उघडलं की वाजते. कुलूप काढून टाकलं. पाऊण तासात बाबा दमून, खूश होऊन परत येतात आणि सांगतात, आज बरी मापं झाली.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. : एक मागणं आहे. तू आठ दिवस येशील का? रोजचा एक तास बाबांबरोबर तू चाल. काम तुंबलंय हे खरं, पण मी दमलोय हे जास्त खरं आहे, आणि दमलो की मी वाईट वागतो.

ता. क. दुसरा : वर ‘नजर चुकवून सटकले’ असं लिहिलंय. पोलिसालाही तेच सांगितलं, तुझ्या भावजयीलाही. खोडणार होतो, पण मग पत्र टाकायची हिंमत झाली नसती. त्या दिवशी बाबा दारात थांबले होते. माझ्याकडे बघून म्हणाले, “येऊ का जाऊन?” माझ्या मशीनवर अर्धा शिवलेला कोट होता. मला वाटलं, सुटलो अर्धा तास. मान वर न करता मी म्हटलं, “या.” ते मला विचारून गेले होते, ताई.