माझ्या वाटची डहाळी

२४ नोव्हेंबर १९८८, साक्री
नानाकडे गेलो. यंदा डोंगरावर कधी निघायचं, एवढंच विचारायला. दारात त्याची बायको, अक्का. म्हणाली, "त्या तं मंगळवारलेच जाई उनात, भाऊ. तुमले सांगं नही का?"
नाही सांगितलं! चौथीपासूनचा मित्र. पेन्शनीत आल्यापासून दर दिवाळीनंतर दोघं जातो. यंदा हा एकटा जाऊन आला, चोरासारखा. आत खोकत होता. बाहेर आला नाही. चहा न घेता परतलो.

२५ नोव्हें.
बाजारात गाठला. मेथीच्या जुड्यांत तोंड खुपसून उभा.
"तुनी सूननी हात जोडात रे मनापुढे. आबाले डोंगरवर नेऊ नका म्हने."
म्हणजे सूनबाईंनी ठरवायचं आणि यानं मान डोलवायची. मी काय गाठोडं आहे, न्यायला?
"मागला वरीस कविता म्हनत म्हनत तू वाट चुकना. मना पाय मुरगळना. दिन बुडना तरी आपन रानमाच. मी काही बोलनू का?"
नव्हता बोलला. त्याचाच जास्त संताप. वर्षभर पोटात ठेवलं!
वळणावरचं अंजनाचं झाड कोणीतरी तोडलं म्हणून चुकलो. (बुंधा नानानं दाखवला होता. मी कडवं संपवत होतो. असो.)

२६ नोव्हें.
सूनबाईंकडे उद्यासाठी भाकरी मागितली. नानाच्या शेतावर जातो म्हटलं. मीही चोरच.

२७ नोव्हें., रवि.
स. ७ ची एस.टी. साग, सलई, कमरेएवढं वाळलं गवत. ओढ्याला अजून पाणी. बुंध्यापाशी बरोबर डावीकडे वळलो. चुकलो नाही! सांगणार कुणाला?
माथ्यावर ११ वाजता. खाली कान नदी, पाटीवर ओल्या बोटानं रेघ ओढावी तशी. ज्वारीची शेतं. चौथीतली कविता खड्या आवाजात सुरू केली. तिसऱ्या कडव्याला अडलो. एरवी नाना "पुरे कर, बाबा" म्हणतो आणि अडलेली ओळही तोच देतो. आज नुसता वारा.
उतरताना खिंडीतला पाल्याचा ढीग. येणाराजाणारा तिथल्या देवाला डहाळी वाहतो. नाना पळसाची, मी अंजनाची, ठरलेलं. आज अंजन नव्हता म्हणून सलईची घेऊन उभा. बघतो तो ढिगावर मंगळवारचा पळस, सुकत आलेला. आणि त्याला बांधलेली अंजनाची डहाळी. नानाच्या धोतराच्या काठाची चिंधी.
अंजन आता फक्त पलीकडच्या उतारावर आहे. त्या मुरगळलेल्या पायानं तिकडे गेला होता?
डोकं फिरलं. माझ्या वाटची वाहायला मी मेलो होतो का? चिंधी सोडली, अंजन काढून खिशात कोंबला.
मोळीवाली बाई ओरडली, "ओ आबा! वाहेल पाला कोनी उचलतस का?"
"माझाच आहे."
"तुमना शे? मंग मंगळवारले त्या दुसरा आबा वाहत व्हतात, तवय तुम्ही कोठे व्हतात?"
सलई ठेवली नि उतरलो.

२८ नोव्हें.
सूनबाई टेबल झाडायला आल्या. डहाळीला हात लावू नका, म्हणून ओरडलो. त्यांना सगळं कळलंच मग. त्यांनीही पोटात ठेवलं!

२९ नोव्हें.
डहाळी नानाच्या तोंडावर फेकायची म्हणून निघालो. गल्लीच्या कोपऱ्यावरून दिसला. ओट्यावर बसलेला, उजवा पाय गरम पाण्याच्या घमेल्यात. मला पाहिलं असावं. हाक मारली नाही. मीही नाही.
परत आलो. खिशात नुसती काडी, पानं वाटेत गळाली.
तिसऱ्या कडव्याची ती ओळ अजून आठवत नाही. ती त्यालाच येते, मेल्याला.