एकाच पोर्टवरचा संसार

चि. खटपट्यास,

तुझ्या ताईच्या नवऱ्याचे आशीर्वाद. आम्ही दोघं ठीक आहोत. तुझा खोकला गेला का ते कळव. गेला नसेल तरी इकडे ये, कारण तू करून ठेवलेला उद्योग निस्तरायचा आहे.

तुला आठवत असेल, एकाच खोलीत बसून मी लोकांची हस्तलिखितं टाइप करायचो आणि तुझी ताई माझ्या चुका काढायची. चुका काढणं तिचं कामच आहे (मोठ्यानं काढणं नव्हतं). रोजची वादावादी ऐकून तू तिला मागच्या खोलीत दुसरा संगणक मांडून दिलास आणि भिंतीतून केबल ओढलीस. मजकूर जाईल-येईल, माणसांनी जायला नको. पण माझ्या संगणकाला मागे केबल खुपसायचं पोर्ट एकच, आणि तिथे प्रिंटर आधीपासून ठाण मांडून बसलेला. तू म्हणालास, "भाऊजी, प्रिंटर चालवणारा आणि केबल चालवणारा, दोन्ही ड्रायव्हर प्रोग्रॅम एका पोर्टवर सुखानं नांदतील." (तुझं लग्न झालेलं नाही, म्हणून सोडून दिलं.) मधे खटक्याची डबी बसवलीस. खटका डावीकडे केला की प्रिंटर, उजवीकडे केला की ताई.

शांतता मात्र झाली. इतकी, की जेवायला चला हेसुद्धा ती केबलवरून कळवू लागली. मला घर खायला उठायचं. आपण होऊन बोलायला जावं तर माझं नाक आडवं यायचं. तिचंही काही लहान नाही, तुमच्याच घराण्याचं आहे.

मागच्या महिन्यात एक निवृत्त मुख्याध्यापक आपलं आत्मचरित्र न्यायला आले. घाईत मी न विचारता खटका प्रिंटरकडे फिरवला. नेमकं तेव्हाच तिकडून शेवटचं प्रकरण येत होतं. ताईच्या केबलचा ड्रायव्हर पोर्ट सोडेना, आणि त्याची सगळी बडबड प्रिंटरनं छापून काढली: चौकोन, बाण, उलटे स्वल्पविराम, कागदांचा ढीग. मुख्याध्यापकांनी चष्मा लावून दोन-तीन पानं शांतपणे वाचली आणि म्हणाले, "हे बालपणाचं प्रकरण दिसतंय." तुझी ताई धावत आली, पान बघून हसत सुटली, मग मलाही आवरेना. कित्येक दिवसांनी आम्ही दोघं एका खोलीत होतो.

तेव्हापासून नियम असा, की खटका फिरवण्याआधी हाक मारून विचारायचं. मी विचारतो, छापू का? ती म्हणते, थांबा, माझं चाललंय. मग किती राहिलं, कोण लिहिणारा, इतकं काय लिहितो, चहा ठेवू का, असं दिवसभर. कामाचा नुसता खोळंबा. संगणकात बसवायचं दुसऱ्या पोर्टचं कार्ड घेऊन ताबडतोब ये, म्हणजे खटकाच नको.

तुझा,
भाऊजी

ता. क. : वरचं सगळं ती समोर बसलेली असताना लिहिलं. आता ती आत गेली आहे. कार्ड आणू नकोस. बाजारात मिळत नाही म्हणून सांग.

आणखी ता. क. (अक्षर ताईचं) : तिकीट लावायला पाकीट माझ्याकडे आलं. वर दोन वेलांट्या सुधारल्या आहेत. कार्ड मी मुख्याध्यापक येऊन गेले त्याच्या दुसऱ्याच दिवशी आणलं होतं. दारात पोचले, तर मी घरात नाही याची कल्पना नसलेले हे मागच्या खोलीकडे तोंड करून विचारत होते, छापू का? उत्तर येईना तरी खटक्याला हात लावत नव्हते. कार्ड शिवणाच्या डब्यात तळाशी आहे. यांना सांगू नकोस.