पाहुण्यांसाठी झाडून ठेवलेलं रान

कडेगाव, सोमवार

तीर्थस्वरूप आकारामआप्पांस,

धाकट्या नाथाजीचा दोन्ही हात जोडून नमस्कार. आम्ही इकडे अंगानं बरे आहोत, मनाचं विचारू नका. वहिनींचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवा. (फोनच केला असता, पण फोनवर तुम्ही लगेच ‘मुद्द्याचं बोल’ म्हणता, आणि या प्रकरणात मुद्दा कुठला हेच मला समजलेलं नाही. टेम्पोवाला यासीन कांदा घेऊन तुमच्या लोणंदला निघालाय, त्याच्या हाती पत्र देतोय.)

आपली सृष्टी सांगलीला विश्रामबागेत ज्या ऑफिसात लागली आहे, तिथं जर्मनी, ब्राझील, केनिया आणि आपण असे सगळे मिळून मातीतला कार्बन मोजतात. हा कार्बन धूर होऊन आभाळात गेला की जगाचं हवामान बिघडतं, आणि तोच मातीत मुरून राहिला की सावरतं. म्हणजे इसम तोच, फक्त पोस्टिंग बदलायचं, असं मी समजून घेतलं. (सृष्टी म्हणाली, साधारण तसंच. या ‘साधारण’मध्येच पुढचा सगळा घोळ आहे.) तर तोडणीनंतर पडलेलं उसाचं पाचट न जाळता जागेवर कुजवलेलं एक रान त्यांना दहा वर्षं मोजायला हवं होतं. माझं पाचट अलीकडे सरीतच कुजत होतं, म्हणून पोरीनं मोठ्या अभिमानानं बापाचं नाव दिलं.

पाहुणे यायच्या आधी तिनं फोन केला, “पप्पा, रान हाय तसंच ठेवा. कायबी करू नका.” आता आप्पा, तुम्ही फौजेत नव्हता म्हणून सांगतो. माझ्या सगळ्या नोकरीत ज्या ज्या साहेबानं ‘काही तयारी करू नका, सहज येतोय’ असा निरोप धाडला, त्या त्या वेळी आम्ही झाडांच्या बुंध्यांनासुद्धा गेरू आणि चुना लावलाय. काही करू नका म्हणणं हा साहेबाचा मोठेपणा, आणि ते खरं मानणं हा आपला अडाणीपणा. त्यातून हे पाहुणे परदेशचे. मी पाचट पेटवलं, रान लख्ख केलं, बांधावरच्या दगडांना चुना मारला आणि वाटेवर नारळाच्या झावळ्यांची कमान उभारली. शेजारच्या हरणाबाई म्हणाल्या, “नाथाजी, लगीन हाय का रं रानात?” मला ती शाबासकीच वाटली.

गाडी आली. हेल्गाबाई नावाच्या जर्मन बाईंनी कमानीतून आत पाहिलं, मग हातातला नकाशा पाहिला, मग पुन्हा रान. ओटिएनो म्हणून केनियाचे उंच साहेब आहेत, ते खाली बसले आणि राख बोटावर घेऊन बराच वेळ बघत राहिले. मला वाटलं, आवडली. मी सॅल्यूट ठोकला. एवढ्यात सृष्टी मागच्या दारानं उतरली आणि तिचा चेहरा बघून काहीतरी चुकलंय हे मला कळलं. काय, ते कळलं नाही. सगळे आपापल्या इंग्रजीत बोलत होते आणि पोरगी मान खाली घालून उभी होती. त्यातलं मला एवढंच समजलं, की इथं रान मिळालं नाही तर हे काम दुसऱ्या जिल्ह्यात जाणार आणि पोरीची नोकरीही जाणार. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. सुट्टीला घरी आली आहे, भाकरी वाढते, पण बोलत नाही. लय वाईट वाटतं, आप्पा.

तर त्या दिवशी हे सगळं चालू असतानाच ओटिएनोसाहेब बांध ओलांडून तुमच्या रानात शिरले. तुम्ही लोणंदला, त्यामुळे तिथं तोडणी झाल्यापासून ना कुणी पाचट हलवलं, ना तण काढलं. मी मागनं धावलो, म्हटलं साहेब, तिकडं नको, कचरा आहे. तर ते गुडघ्यावर बसून पाचटाखालची गांडुळं दाखवायला लागले आणि हेल्गाबाई पहिल्यांदाच हसल्या. ज्या रानावरून मी दिवाळीत तुम्हाला चार शब्द ऐकवले, तिथं परदेशच्या माणसांनी पाइप ठोकून माती काढून नेली, आणि आता दहा वर्षं तेच रान मोजायचं म्हणतात. (पाहुण्यांसाठी आणलेले फेटे बांधायचे राहूनच गेले.) आणि माझं रानही हवंय म्हणे, तुलनेसाठी. मी दरवर्षी असंच जाळत राहायचं. सगळं जग सांगतं जाळू नका, आणि जग सुधारायला आलेली माणसं म्हणतात, नाथाजी, तुम्ही तेवढं जाळा. हे मी हरणाबाईंना कसं समजावून सांगू? तुम्हाला सुचलं तर कळवा.

वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला गोंधळलेला भाऊ,
नाथाजी

ता. क. तुम्ही त्या रानात यंदा द्राक्षबाग लावणार होता. ती दहा वर्षं थांबवता येईल का?

ता. क. दुसरा : वर मी विचारल्यासारखं दिसतंय, पण तुमच्या वतीनं त्यांना हो सांगून टाकलंय.

ता. क. तिसरा : सृष्टीनं आत्ताच हे पत्र वाचलं आणि इतक्या दिवसांनी बोलली. “आप्पास्नी न इचारता व्हय कसं सांगितलंसा?” म्हणाली, आणि पत्र घेऊन स्वतःच यायला निघाली आहे. म्हणजे तुम्ही हे वाचाल तेव्हा ती समोर उभी असेल. पोर सकाळपासून जेवलेली नाही. आधी तिला जेवू घाला, मग काय ते बोला. आजवर तुम्ही मला पुष्कळदा नाही म्हणालात, तिला मात्र एकदाही नाही म्हणाला नाहीत. तेवढ्याच भरवशावर मी तीन देशांना शब्द देऊन बसलोय.