बर्फाची नदी आणि आईचा कूलर

१२ मे

लॅपटॉप परत बंद! चारुलता वहिनी — दादाची बायको — डोकं धरून बसली. तिचं काम असं — बर्फाची नदी डोंगरावरून सरकते, पोटातल्या दगडांनी खालचा खडक कानशीसारखा घासते. हजारो वर्षांत दरी किती खोल होईल, ते लॅपटॉपवर काढायचं. आणि हे कुठे, तर मे महिन्यात भट्टीसारख्या तापलेल्या देवपुरात! लॅपटॉप तापतो, बसतो, हिशेब पुन्हा पहिल्या वर्षापासून. शुक्रवारी तिच्या सरांना उत्तर गेलं नाही तर पीएचडीची जागा जाणार.

घरात कूलर एकच. आईच्या खोलीत. मी म्हटलं, माग की. तर म्हणे, "सासूबाईंच्या झोपेवर माझा बर्फ नको."

मी बारावीत दोनदा उडालेय, पण एवढं तर मला जमेल.

१३ मे

जमलं! कूलरच्या गवतामागे मोबाईल लपवला, त्यावर सापाचा फुत्कार. आई दचकून उठली. मी म्हटलं, गारव्याला आला असेल, सर्पमित्राला सांगते, तोवर तू दाराबाहेर ओट्यावर झोप. गोधडी उचलून गेली बिचारी. वहिनीला सांगितलं — आईनेच दिली तुला खोली. तिचे डोळे भरले. मी पळाले तिथून.

१४ मे

चालू आहे! वहिनीने दाखवलं — निळा बर्फ, खाली करडा खडक. बर्फ तळाला गोठून चिकटला तर जागचा हलत नाही, खडक तसाच. खाली पाणी सुटलं की सरकतो, मग घासतो. म्हटलं, म्हणजे आपला दादा — पाणी ओतल्याशिवाय उठत नाही. वहिनी इतकी हसली! किती दिवसांनी.

१५ मे

आईच्या मानेवर घामोळ्या. ओट्यावर दुपारी झळा मारतात नुसत्या. पावडर लावताना सांगून टाकावंसं वाटलं. तेवढ्यात तीच म्हणाली, "बरफ कितला घासाई गया?"

म्हटलं, थोडा राहिलाय.

"होऊ दे."

मग मी पंख्याने वारा घालत बसले.

१६ मे

उत्तर गेलं. संध्याकाळी सरांचा फोन — जागा राहिली! वहिनी आईच्या पाया पडली, खोली दिली म्हणून. मी हळूच दाराकडे सरकले. पण आईने कसली खोली असं विचारलंच नाही. नुसता तिच्या पाठीवरून हात फिरवला.

१७ मे

आईला सांगितलं, सर्पमित्र साप घेऊन गेला, आज आत झोप.

आई गोधडी झटकत म्हणाली, "खरा साप राहता ते तू वहिनीले खोली मझार बसू देती का?"