सात-दहाचं गेट

बाई, तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, त्यामुळे मी मुख्याध्यापिका झाले हे तुम्हाला कळलंच नाही. विरार पूर्वेला, चंदनसारला आमची शाळा आहे, सकाळच्या सत्राची. आज असतात तर हसला असतात, कारण होळी गावातल्या आपल्या शाळेत सगळ्यात जास्त वेळा उशिरा येणारी मुलगी मीच होते. गेल्या महिन्यात शाळेत एक गोष्ट घडली. तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही. कुणाला विचारावं हेही सुचेना, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

तो दिवस मला अजून लख्ख दिसतो. मी चौथीत आहे. आईने वाडीतून पालक आणि मुळा काढून आणलाय आणि मी मागच्या दारी बसून केळीच्या सोपाच्या, म्हणजे वाळक्या सालीच्या, दोरीने जुड्या बांधते आहे. भाजीची पाटी आईच्या डोक्यावर चढली की मी हात धुते आणि पळत सुटते. पोचते तोवर प्रार्थना संपलेली असते. तुम्ही मला दारातच अडवता. "उद्या आईला घेऊन यायचं. तिच्याशिवाय वर्गात पाय ठेवायचा नाही." दुसऱ्या दिवशी आई आली. पायाला वाडीतला चिखल होता, म्हणून ती उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तुम्ही सगळ्या वर्गासमोर तिला म्हणालात, "मुलीला शिकवायचंय की भाजीला बसवायचंय? एकदाच काय ते ठरवा." आई म्हणाली, "तिची चूक नाय, बाई. जुड्या बांधायला मीच बसवते तिला. आता नाय बसवनार." तिच्या त्या 'बसवनार'ला वर्ग हसला. तुम्ही डोळे वटारून सगळ्यांना गप्प केलंत, पण हसू तोवर होऊन गेलं होतं. त्या दिवसापासून आई तासभर आधी उठून एकटीच जुड्या बांधू लागली, आणि मला पुन्हा कधी उशीर झाला नाही. पुढे शिकले, शिक्षिका झाले. दरवर्षी पालकांच्या सभेत मी ही गोष्ट सांगत आले, माझ्या बाईंनी मला वळण लावलं म्हणून. आईच्या चिखलाचं आणि त्या हसण्याचं तेवढं गाळायचे.

म्हणूनच मुख्याध्यापिका झाल्यावर मी पहिलं परिपत्रक काढलं ते वेळेचं. सात-दहाला गेट बंद. उशीर झालेल्या मुलाला घरच्यांनी परत न्यायचं. तीन वेळा असं झालं, तर आई किंवा वडिलांनी शाळेत येऊन लेखी द्यायचं. पहिल्या महिन्यातच उशिरा येणारी मुलं जवळजवळ संपली. मी स्वतः घड्याळ बघत गेटपाशी उभी राहायचे, आणि खरं सांगते, मला तेव्हा तुमची आठवण यायची, अभिमानाने.

मग तिसरीच्या वर्गशिक्षिका माझ्याकडे आल्या. एक मुलगी सलग नऊ दिवस गैरहजर होती. गैरहजेरीचे मेसेज जात होते, पण घरून काहीच उत्तर नव्हतं. मी प्रवेशाचा अर्ज काढला आणि त्यावरच्या दुसऱ्या नंबरवर, म्हणजे तिच्या आईला फोन लावला. ती मुंबईत ऑफिसात होती. मी नियम सांगितला, नऊ दिवस सांगितले, आणि शेवटी माझ्या तोंडून निघालं, "मुलीला शिकवायचंय की नाही, एकदाच काय ते ठरवा." तुमचंच वाक्य, बाई. ती म्हणाली, "मॅडम, असं कसं होईल? ती रोज शाळेत जाते. डबा रोज रिकामा येतो."

आमच्या शाळेतल्या मावशींना घेऊन मी तशीच बाहेर पडले. फार लांब जावं लागलं नाही. मागच्या गल्लीतल्या मारुतीच्या देवळात, सभामंडपात, ती मुलगी गणवेशात बसली होती, पुस्तक मांडीवर घेऊन. शेजारी तिचे आजोबा, एक पाय लांब पसरून, तिचा सातचा पाढा ऐकत होते. मला बघून ते उठायला गेले आणि त्यांना उठता येईना. आईवडील सहाला घर सोडतात आणि कामावर त्यांना सहसा फोन घेता येत नाही, म्हणून शाळेत आजोबांचा नंबर दिलेला. सगळे मेसेज त्यांच्याच फोनवर येऊन पडले होते. "गुडघा धरतो, मॅडम. पाच-सात मिनिटं होतात इकडं तिकडं," ते म्हणाले. "पहिल्यांदा परत नेलं तेव्हा सून रडली. परत तसं झालं. तिसऱ्यांदा तिला रजा टाकून तुमच्यासमोर उभं राहावं लागलं असतं. म्हटलं, उशीर तर रोजचाच, शाळा सुटेपर्यंत इथंच बसू. पण अभ्यास बुडू दिला नाही हो मी." मुलगी मला म्हणाली, "बाई, मला नऊपर्यंत येतात." पाढे.

दुपारी तिची आई धावतपळत आली आणि तिने माझी माफी मागितली. मी 'बसा' म्हटलं. ती गेल्यावर वाटलं, माफी मी मागायला हवी होती. मग वाटलं, कशाबद्दल? नियम तर सगळ्यांना सारखा होता.

घरी आल्यावर मी आईला विचारलं. ती आता थकली आहे, माझ्याकडेच असते. म्हटलं, तुला बाई सगळ्यांसमोर बोलल्या होत्या, आठवतं? ती म्हणाली, "कोन बोललं? मला नाय आठवत. तू वेळेवर जायला लागलीस, तेवढं आठवतं." खरंच विसरली, की माझ्यासाठी विसरली? आणि तिलाच आठवत नसेल, तर इतकी वर्षं मी कुणाचा अपमान जपत बसले होते?

दुसरंही एक आठवलं, आणि ते तर मला आणखीच गोंधळात टाकतं. शेजारच्या तुकडीला पहिल्या तासाला गणित असायचं. आपल्या वर्गात पहिल्या तासाला गाणी आणि शुद्धलेखन, गणित नेहमी दुसऱ्या तासाला. आईला तुम्ही बोलवायच्या आधीपासून तसंच होतं. आमच्यासारख्या वाडीतून येणाऱ्या मुलींचं गणित बुडू नये म्हणून तुम्ही ते तसं ठेवलं होतं का? की ते नुसतं वेळापत्रक होतं? तसं ठेवलं असेल, तर मग आईला चारचौघांत तसं का बोललात? आणि ठेवलं नसेल, तर मला ते इतकं खरं का वाटावंसं वाटतं? हे तुमच्या हयातीत विचारायला हवं होतं. तेव्हा मला सगळं समजल्यासारखंच वाटायचं.

आता गेट साडेसातपर्यंत उघडं असतं. आजोबा नातीला घेऊन येतात, कधी सात-बाराला, कधी सात-वीसला. पण बाई, उशिरा येणारी मुलंही वाढली आहेत. पहिला तास सारखा तुटतो म्हणून शिक्षक कुरकुरतात. एक आई परवा मला म्हणाली, "मग आम्हीच का धापा टाकत वेळेवर यायचं?" तिचंही मला पटलं. आजोबांचंही पटतं. तुमचंही अजून पटतं, तेच कळत नाही.

हे पत्र पाठवायचं तरी कुठे? कपाटात ठेवून देईन. पण एक कबूल करते, दुसऱ्या कुणाला सांगितलेलं नाही. गेट वेळेवर का बंद होत नाही, असं संस्थेच्या लोकांनी विचारलं, तेव्हा आपला नियम चुकला असावा, असं माझ्याने म्हणवलं नाही. कडी गंजली आहे, वेल्डरला सांगितलंय, असं मी म्हणाले. बाई, कडीला काहीही झालेलं नाही.