तुमच्या तोंडी घातलेलं वाक्य

आबा, तुम्हाला अक्षर येत नव्हतं. सही म्हणून अंगठा आणि वाचायचं म्हणजे फक्त समोरच्याचं तोंड. तेव्हा हे पत्र तुम्हाला लिहिण्यात तसा काही अर्थ नाही, आणि ते कुठे टाकायचंही नाही. पण गेले पंधरा दिवस मी एका मालिकेचे संवाद लिहायला बसतो आणि पहिल्याच ओळीला हात थांबतो. आज म्हटलं, जाऊ दे मालिका खड्ड्यात. आधी तुमच्याशी बोलून घ्यावं.

तिकडे गुजरातेत, उधन्याची आपली खोली आठवते ना? मला ती आठवते ती तिथल्या शांततेमुळे. लोकांना खरं वाटत नाही. म्हणतात, खाली रस्ता, पलीकडे कापड विणायची खाती, रात्रंदिवस खटखट, तिथे कसली आलीय शांतता? पण बावीस वर्षं संच्यांवर, त्या यंत्रमागांवर, काढून तुमच्या कानांचं पार वाटोळं झालं होतं, आणि तुमच्यासोबत राहून राहून मायसुद्धा आवाजाच्या भानगडीत पडत नसे. ती नळावरून तोंड हलवायची, तुम्ही दारातून तोंड हलवायचात, मध्ये वीस पावलांचं अंतर आणि शब्दाचा पत्ता नाही. खात्यात सगळेच तसे बोलायचे. दीडशे संचे एकदम चालू असल्यावर घसा फोडून काय उपयोग? तोंड मोठं उघडायचं, शब्द आखूड ठेवायचे, हाताने एक खूण जोडायची. खानदेशातून आलेला कोरा माणूससुद्धा सहा महिन्यांत ओठ वाचायला शिकायचा. लहानपणी शाळेतून आलो की दारात क्षणभर थबकायचो मी. आत तुम्ही दोघं समोरासमोर बसलेले, ओठ हलताहेत, माय मध्येच हसतेय, आणि खोलीत कसलाच आवाज नाही. आपल्याच घरात आपण बहिरे झालोत की काय, असं वाटून अंगावर काटा यायचा.

मग मला सिनेमाचं खूळ लागलं. रिंग रोडवरच्या स्टुडिओत मी लग्नांचं व्हिडिओ शूटिंग करायचो. वरमाला, सप्तपदी, जेवणाच्या पंगतीत लाजून तोंड फिरवणाऱ्या बायका. पण दप्तरात कायम एक वही. शाळेच्या लायब्ररीतली नाटकं वाचून वाचून मी एक पटकथा लिहिली होती. वीस मिनिटांची. एका संचेवाल्याची गोष्ट. तो मरतो, पण त्याचा संचा चालूच राहतो, म्हणून कुणाच्या लक्षातच येत नाही. मला ती फार थोर वाटायची. संचेवाला तुम्ही व्हायचं असं मी परस्पर ठरवून टाकलं होतं, कारण नट आणायला मी काय मोठा लागून गेलो होतो? तुम्हाला मी वही वाचून दाखवली. म्हणजे तुमच्यासमोर बसून ओरडून दाखवली. तुमचं मुख्य वाक्य होतं, ‘हा माग माझं आयुष्य विणत राहिला, परंतु माझ्या वाट्याला वस्त्र आलं नाही.’ तुम्ही ते दोनदा म्हणवून घेतलं आणि मग कपाळाला हात लावला. ‘हाई कोन बोलस रे? आम्हना खातामा इतलं लांब बोलसू ते तोंड दुखी जाई. दोन संचा सोडीसन जे दिसस ना, तितलंच लिख.’ म्हणजे दोन संचे सोडून पलीकडच्याला ओठांवर जेवढं दिसेल, तेवढंच लिही. मला राग आला. दोन दिवस तुमच्याशी धड बोललो नाही. पटकथेबद्दल मला आजवर मिळालेला एकमेव शहाणपणाचा सल्ला तो, आणि तो मी फुरंगटून कानाआड केला.

प्लेग येऊन गेला त्याच वर्षीच्या थंडीतली गोष्ट ही. कमुर्ता लागला होता. त्या महिन्यात गुजरात्यांची लग्नं नसतात, त्यामुळे स्टुडिओचा खांद्यावरचा मोठा कॅमेरा कपाटात पडून होता. मालकाने एका दिवसासाठी दिला. माय म्हणाली, अशा महिन्यात नवं काम काढू नये बाबा. मी म्हटलं, माय, कमुर्ता त्यांचा, आपला नाही. तुमच्या शेठनेही परवानगी दिली, एकाच अटीवर. ‘संचा बंध नहीं थाय. बाकी जे करवुं होय ते करो.’ संचा थांबणार नाही. तुमची पाळी चालू, समोर सहा संचे, आणि त्यातच माझा सिनेमा. सकाळी निघताना तुम्ही डाव्या खांद्याला हात लावून जरा वेळ उंबऱ्यावर बसला होतात. मायनं विचारलं, तर थंडी भरलीय म्हणालात. मी कॅमेऱ्याच्या बॅटऱ्या मोजत होतो.

तो शॉट अजून माझ्या डोळ्यांसमोर चालूच आहे, आबा. तुम्ही संच्यामागे उभे आहात. धोटा इकडून तिकडे जातोय, हवेत सुताचे बारीक तंतू उडताहेत, तुमच्या भुवया पांढऱ्या झाल्या आहेत. मी हाताने खूण करतो, बोला. तुम्ही माझ्याकडे, म्हणजे कॅमेऱ्याकडे बघता. आधीच बजावून ठेवलंय मी की हसत बोलायचं, दुःखाचं वाक्य हसून म्हटलं की जास्त लागतं, हे मी कुठेतरी वाचलं होतं. म्हणून तुम्ही हसता. ओठ हलतात. एकदा. मग पुन्हा. मग तिसऱ्यांदा. टेपवर आवाज म्हणाल तर नुसती खटखट. मी अंगठा दाखवतो, झकास. पाळी पुरी करूनच तुम्ही घरी आलात. चार घास खाल्ले, लवकर आडवे झालात. दुसऱ्या दिवशी सकाळी दारात चप्पल घालायला वाकलात ते पुन्हा सरळ झालाच नाहीत.

लोक म्हणाले, पोरगा मन घट्ट करून कामाला लागला. कसलं घट्ट? मला दुसरं काही सुचतच नव्हतं. स्टुडिओत काम नसलं की मी टेप लावायचो, जोडायचो, कापायचो. खटखटीत तुमचं बोलणं आलंच नव्हतं, म्हणून माइकसमोर उभं राहून तुमचं वाक्य मी माझ्या आवाजात भरलं. आपले आवाज सारखे होते ना. आयुष्य, वस्त्र, परंतु, सगळं अगदी वहीबरहुकूम. ओठांशी तंतोतंत जुळत नव्हतं, पण तुम्ही वाक्य विसरून काहीतरी आखूड बोलला असाल, असं मी स्टुडिओतल्या लोकांना सांगितलं. पहिल्यांदा सलग लावून पाहिलं तेव्हा मान गारठली माझी. तुम्ही हसत होतात आणि तुमच्या तोंडातून मी बोलत होतो. मालक म्हणाला, ‘वाह, बाप जीवतो कर्यो तें.’ बाप जिवंत केलास म्हणे. त्या वेळी मला ते कौतुकच वाटलं.

गणपतीत आपल्या सोसायटीच्या मंडपात आरती झाल्यावर तो सिनेमा लावला. टेबलावर टीव्ही, पुढे पोरं, मग बाया, आणि मागे खात्यातले सगळे गडी उभे. सुरुवातीला टाळ्या, शिट्ट्या, ‘अरे तो पाह्य शेठ’ वगैरे. मग तुमचं तोंड मोठं झालं आणि वाक्य सुरू झालं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी वळून मागे बघितलं, टाळ्या कधी येतात म्हणून. मागे कुणी हलत नव्हतं. चाळीस-पन्नास माणसं टीव्हीकडे बघत होती आणि त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. मग एकाने शेजाऱ्याकडे वळून ओठ हलवले. शेजाऱ्याने मान डोलावली आणि पलीकडच्याकडे वळून ओठ हलवले. बघता बघता सगळी मागची रांग बोलू लागली, आणि मंडपात आवाज फक्त माझा. त्या वेळी मला जी भीती वाटली ना आबा, तशी नंतर कधी वाटली नाही.

तुमच्या शेजारच्या संच्यावरचे काका पुढे आले. खांद्यावर हात ठेवून मला मंडपाबाहेर नेलं. ‘भो, तू त्यान्या तोंडातून काय बोलाडस? तो ते येगळंच बोली ऱ्हायना.’ मी विचारलं, काय? त्यांनी नुसते ओठ हलवले. मी म्हटलं, काका, मला ओठ वाचता येत नाहीत. ‘तुले येत नही? तो ते सांगे, मना पोऱ्याले समदं कळस.’ मग त्यांनी इकडेतिकडे बघितलं आणि हळू आवाजात सांगितलं, ‘तो म्हनस, छातीमा दुखी ऱ्हायनं. माले घर ली चाल.’ छातीत दुखतंय, मला घरी घेऊन चल. आतून माझाच आवाज ऐकू येत होता, वस्त्र आलं नाही, वस्त्र आलं नाही. कुणीतरी पोरांच्या हट्टापायी टेप मागे नेऊन पुन्हा लावली होती.

मायनं कुणाला काही विचारलं नाही. तिला काय विचारायची गरज? तिनं मंडपातच वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं मला टेप लावायला सांगितली. मी लावली, तर म्हणाली, ‘आवाज बंद कर. तो तुना आवाज शे, त्यास्ना नही.’ मग रोजचंच झालं ते. भांडी झाली, दुपार कलली, की माय टीव्हीसमोर बसायची. स्वतःच बटणं दाबायला शिकली. तुम्ही हसत तिला सांगायचात, घरी घेऊन चल, आणि माय ओठ हलवून उत्तर द्यायची, ‘या ना मंग घर. कोन अडावस तुमले?’ एकदा मी दुपारी अवचित घरी आलो. खोलीत कसलाच आवाज नव्हता. ती मध्येच हसली. मग तिनं दाराकडे बघितलं, माझ्याकडे नाही, माझ्या जरा बाजूला, आणि कुणाला तरी बसायला म्हणून सरकून जागा केली. मी तसाच मागच्या मागे जिना उतरलो. टेप झिजत गेली. आधी संचे पुसट झाले, मग भुवया, डोळे. शेवटी पांढऱ्या रेघांमध्ये नुसतं तोंड हललेलं कळायचं, तरी ती बोलत राहिली. पुढे ती गेल्यावर मी टीव्ही विकला, टेप मात्र ठेवली.

मी आता संवाद लिहून पोट भरतो. लोक म्हणतात, याची वाक्यं आखूड असतात, छान असतात. कुणाकडून शिकलास विचारलं तर मी पुस्तकांची नावं सांगतो. आवाज बंद करून मी कुठलंही चित्र बघत नाही, संकलनाच्या खोलीतली पोरं हसतात त्यावरून. त्यांना काय सांगणार? आवाज गेला की गर्दीतल्या कुणाचं तरी तोंड तेच सांगायला लागतं. मागच्या पंधरवड्यात बाजारातल्या एका प्रसंगात, मागे भाजी घेणारा एक म्हातारा माणूस. त्याला मी काही बोलायला दिलंच नव्हतं. तो थांबला, कॅमेऱ्याकडे वळला आणि हसला. मी खोलीतून उठून बाहेर आलो. तेव्हापासून मला ओळ सुचत नाही.

आता राहिलेलं सांगतो. मायला सांगता आलं नाही, काकांना तर मी तोंडावर खोटं बोललो. मला ओठ वाचता येतात, आबा. चालता येण्याआधीपासून येतात, तुमच्याच घरातला ना मी. त्या दिवशी डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याच्या नळीत, काळ्या-पांढऱ्या चित्रात, तुम्ही पहिल्यांदा म्हणालात तेव्हाच मला कळलं होतं. पण पत्र्याच्या फटीतून ऊन नेमकं तुमच्या तोंडावर आलं होतं, आणि कॅमेरा संध्याकाळी परत करायचा होता. मी बोट वर करून तुम्हाला खूण केली, अजून एकदा. तुम्ही पुन्हा म्हणालात. मी परत बोट वर केलं.