दिवसाला एक लिटर

३ एप्रिल
नगरच्या डॉक्टरांनी आज स्पष्टच सांगितलं. ह्यांना दिवसाला एक लिटर, सगळं धरून. चहा, आमटी, गोळीबरोबरचा घोटसुद्धा. किडन्या बंद, जास्तीचं पाणी डायलिसिसलाच निघणार, तोवर अंगात साठणार. नेवासा येईपर्यंत गाडीत मी सासूबाईंना समजावत होते. त्या खिडकीबाहेर बघत होत्या.

४ एप्रिल
सकाळी बाटली भरून ठेवली. जे काय ते त्यातूनच. माठ आतल्या खोलीत हलवला. हे दिवसभर बाटलीकडे बघत बसले. इतका उन्हाळा, आणि मी...

८ एप्रिल
गावात सगळेच डॉक्टर. शेजारच्या काकूंचा व्हिडिओ : रोज चार लिटर प्या, किडनी धुऊन निघते. सासूबाईंनी दोनदा लावला, मला ऐकू येईल असा. धडधाकट माणसाचं माप ह्यांना चालत नाही म्हटलं. तर म्हणे, तू शिकलेली, तुझ्याशी कोण बोलणार.

१३ एप्रिल
डायलिसिस. ह्यांचं वजन भलतंच वाढलेलं. सिस्टर सगळ्यांदेखत मला बोलल्या. मापून देते म्हटलं तर हसल्या. ह्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

१४ एप्रिल
डोकं दुखत होतं म्हणून पतसंस्थेतून दुपारीच घरी आले. सासूबाई ह्यांना तांब्याने पाणी पाजत होत्या. रोजचंच असणार.
"दारात आलेल्या भिकाऱ्यालाबी मी कदी पानी न्हाई म्हनले न्हाई. पोटच्या पोराला म्हनू व्हय?"
संध्याकाळी नणंदेचा फोन. वहिनी, माठ लपवला म्हणे तुम्ही. गावभर झालंय.

२० एप्रिल
पहाटे ह्यांना श्वास घेता येईना. आडवं होता येईना, बसवूनच नगरला नेलं. फुप्फुसात पाणी झालंय. सासूबाई डॉक्टरांना काय म्हणाल्या? "व्हट बगा त्येचे, कसे सुकल्यात. तहानंनंच झालं ह्ये." छातीत पाणी मावत नाही आणि सासूबाईंना सुकलेले ओठ दिसतात. संताप संताप झाला.

२७ एप्रिल
घरी आणलं. आज विचारलंच, तुम्हाला कळत नव्हतं का? आईला 'नको' का म्हणाला नाहीत?
"तिला न्हाई म्हनलं की ती रडती. तू रडत न्हाईस."
बारा वर्षांच्या संसाराचं हे फळ. उठून भांडी घासली.

२ मे
रजा संपली. उद्यापासून कामावर. दिवसभर घरात ती दोघंच.
सासूबाईंनी आज पहिल्यांदा विचारलं, किती द्यायचं? बाटली दाखवली. हातात धरून बघत राहिल्या. "एवढं तर मी तुळशीला घालते." म्हटलं, आई, ह्याच्यावर एक घोट दिलात तर पुढच्या वेळी दवाखान्यापर्यंत पोचणार नाहीत. त्यांनी बाटली ह्यांच्या उशाशी ठेवली आणि पदराने डोळे पुसले.
हे त्यांच्याकडेच बघत होते.